फिलिपाइन्सला स्वतःचं संगीतच नव्हतं म्हणे!

कालपासून एक मेसेज फिरतोय, आमच्या घरच्या ग्रुपवरही आला आणि सतार शिकणारी माझी भाची लगेच विचारायला लागली, मामा हे खरंय का? मेसेज म्हणतो की फिलिपाइन्सला स्पॅनिशांनी संगीत दिलं, त्याआधी काही नव्हतं, आणि होसे मासेदा नावाच्या एका फसलेल्या पियानिस्टने खेड्यांतला गाँगचा (म्हणजे काठीने वाजवायच्या धातूच्या थाळ्यांचा) ठणठणाट 'परंपरा' म्हणून खपवला, तोही तिथला हुकूमशहा मार्कोस याच्या पैशावर. डोकंच फिरलं माझं.

मासेदा म्हणजे फिलिपाइन्सचे संगीतकार आणि संगीताचे अभ्यासक, जन्म 1917 चा. आणि 1521 मध्ये मॅगेलनसोबत फिलिपाइन्सच्या सेबू बेटावर पोचलेल्या पिगाफेट्टा नावाच्या इटालियन प्रवाशाने स्वतः लिहून ठेवलंय की तिथे चार मुली वाजवत होत्या, एकीकडे ढोल, बाकीच्यांकडे गाँग, आणि इतकं जुळून की त्यांना संगीताची चांगली जाण आहे असं वाटावं. स्पॅनिश राज्य तिथे बसलं 1565 पासून. मग ह्या मुलींना कोणी शिकवलं?

आणि ठणठणाट कशाला म्हणताय? दक्षिणेकडच्या मिंदानाओ बेटावरच्या मागिंदानाओ लोकांचं कुलिंतांग म्हणजे ओळीत मांडलेले आठ लहान गाँग, त्यावर सुरावट, ती बऱ्याचदा बायका वाजवतात, सोबत आगुंग नावाचे मोठे गाँग, दाबाकान नावाचा ढोल, आणि गांदिंगान नावाचे टांगलेले गाँग, ज्यांच्या ठोक्यांतून लोक एकमेकांना निरोप सुद्धा द्यायचे. मासेदांनी 1953 पासून गावागावात फिरून हे रेकॉर्ड केलं, 1963 ला त्यावरच अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठात पीएचडी केली. त्यांना खोटं पाडताना ह्या वाजवणाऱ्या बायकांनाच पुसून टाकताय, मला खरा राग त्याचा आहे.

फसलेला पियानिस्ट? पॅरिसला आल्फ्रेड कॉर्तोसारख्या नामवंत पियानिस्टकडे शिकलेला माणूस, आणि 1993 ला सुद्धा पाच पियानोंसाठी रचना करत होता. पुढे बोलायलाच नको.

मार्कोसचं मात्र अर्धं खरंय, मान्य करावं लागतं. 1974 च्या 1 जानेवारीला मासेदांची 'उग्नायान' ही रचना मनिलाच्या वीस रेडिओ स्टेशनांवरून एकदम वाजली, प्रत्येक स्टेशनवर वेगळा भाग, लोकांनी आपापले ट्रान्झिस्टर घेऊन एकत्र जमायचं, आणि मार्शल लॉच्या काळात मार्कोसची बायको इमेल्डा हिच्या पाठबळाशिवाय ते झालं नसतं. ह्यावर टीका करा, जरूर करा. पण रेकॉर्डिंगचं काम त्याच्या वीस वर्षं आधी सुरू झालेलं, आणि 2007 ला युनेस्कोने तो संग्रह मेमरी ऑफ द वर्ल्ड ह्या जगातल्या मोलाच्या दस्तऐवजांच्या यादीत घेतला.

भाचीला कुलिंतांगचं एक रेकॉर्डिंग पाठवलंय. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनीही आधी ते ऐका.