असून नसल्यासारखे? नाही पटलं

जुन्या पिढीतल्या वडिलांवरच्या लेखातलं 'त्या पिढीचे अबोल वडील घरात असून नसल्यासारखेच होते' हे वाक्य अजिबात पटलं नाही. माझे बाबा दिवसभरात मोजून वीसेक वाक्यं बोलत असतील, पण ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत ते नाहीत असं कधी वाटलंच नाही. संध्याकाळी लोकलने परत येताना स्टेशनबाहेरून आईसाठी सोनचाफ्याची दोन फुलं शर्टाच्या खिशात घालून आणायचे आणि तिच्या हातात न देता गुपचूप देव्हाऱ्याजवळच्या वाटीत ठेवायचे, आईला वासावरूनच कळायचं बाबा आले. रविवारी आम्हा दोघा भावंडांना घेऊन कोपिनेश्वराच्या देवळात, मग तलावपाळीच्या कट्ट्यावर खारे शेंगदाणे, घरी येऊन रेडिओ. बस, एवढीच चैन, आणि त्यात ते खरंच खूश असायचे.

भरभरून बोलायचे ते फक्त रेल्वेबद्दल. देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून सुटली ती आपल्या ठाण्याला आली, १६ एप्रिल १८५३, हे दरवर्षी त्या तारखेला जेवताना सांगायचेच, जणू स्वतः त्या गाडीतून उतरले होते. दहावीच्या सहामाहीत मी गणितात नापास झाले तेव्हा घरात सगळे ओरडले, बाबांनी दोन कप चहा केला, एक माझ्यापुढे ठेवला आणि पुस्तक उघडून शेजारी बसले ते रात्री एकपर्यंत. याला नसणं म्हणायचं का? त्यांना जाऊन सहा वर्षं झाली, अजून चाफ्याचा वास आला की मी आधी दाराकडे बघते.