आयडाहोचे सेसिल अँड्रस

मुख्यमंत्र्याला दिल्लीत मंत्री केलं की ती बढती की उचलबांगडी, यावर आपल्याकडे आठवडाभर चर्चा रंगते. अमेरिकेतला गव्हर्नर आपल्या मुख्यमंत्र्यासारखाच, लोकांमधून निवडून आलेला. आयडाहो राज्याचे सेसिल अँड्रस यांच्याबद्दल वाचल्यापासून मला ही चर्चाच फोल वाटायला लागली आहे. हा माणूस गव्हर्नर होता, मग केंद्रात मंत्री झाला आणि पुन्हा येऊन गव्हर्नर झाला.

जन्म १९३१ चा, शेजारच्या ऑरेगनमधला. नौदलात नोकरी केली, मग आयडाहोच्या जंगलात लाकूडतोडीच्या धंद्यात उतरले. १९६६ मध्ये गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची पक्षांतर्गत निवडणूक हरले. जिंकलेला उमेदवार विमान अपघातात गेला, म्हणून पक्षाने यांना उभं केलं, आणि हे पुन्हा हरले. एकाच वर्षात दोनदा! तरी १९७० ला परत उभे राहिले.

तेव्हा व्हाइट क्लाउड्स डोंगरातल्या कॅसल पीकच्या पायथ्याशी मॉलिब्डेनमची (पोलादात मिसळायच्या धातूची) मोठी उघडी खाण येऊ घातली होती. खाण म्हणजे रोजगार, त्यामुळे विरोध करणं परवडणारं नव्हतं. अँड्रसनी तो उघडपणे केला आणि निवडून आले. जंगलावरच पोट भरलेला माणूस हे बोलत होता, म्हणून लोकांनी ऐकलं असं मला वाटतं. पोट भरायला हवंच, पण जगण्यासारखं काही उरायलाही हवं, असा त्यांचा साधा हिशेब होता.

१९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्यांना इंटिरियर खात्याचं मंत्री केलं. हे आपल्यासारखं गृहखातं नाही. केंद्राच्या मालकीच्या जमिनी, राष्ट्रीय उद्यानं, वन्यजीव असा त्याचा कारभार. त्यांचं सर्वांत मोठं काम अलास्कातलं. १९७८ मध्ये तिथल्या जमिनींच्या संरक्षणाचं विधेयक काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, अडकलं आणि आधीच्या तात्पुरत्या संरक्षणाची मुदत संपत आली. मग खाणी आणि तेलवाल्यांना रान मोकळं होऊ नये म्हणून अँड्रसनी आपल्या अधिकारात जमिनी राखून ठेवल्या, आणि १ डिसेंबरला कार्टरनी एका दमात १७ राष्ट्रीय स्मारकं (म्हणजे तिकडचे संरक्षित प्रदेश) जाहीर केली. अलास्कात कार्टर यांचे पुतळे जाळले गेले. शेवटी २ डिसेंबर १९८० ला कायदा झाला. कार्टर तोपर्यंत निवडणूक हरले होते. १० कोटी एकरांहून जास्त जमीन वाचली, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राहून मोठा प्रदेश. त्यात तडजोडी झाल्या, पर्यावरणवाले नाराजही झाले. पण सगळं मिळेपर्यंत थांबले असते तर काहीच हाती लागलं नसतं, याबद्दल मला शंका नाही.

मला त्यांचा सगळ्यात जास्त आदर वाटतो तो त्यानंतरच्या काळासाठी. १९८६ ला ते पुन्हा गव्हर्नर म्हणून निवडून आले. कोलोरॅडोच्या रॉकी फ्लॅट्स इथल्या अण्वस्त्र कारखान्यातला किरणोत्सारी कचरा कित्येक वर्षं आयडाहोत येऊन साठत होता, तोही लाखो लोकांची तहान भागवणाऱ्या भूजलाच्या डोक्यावर. तो हलवायचं केंद्राचं आश्वासन १९७० च्या सुमाराचं. १९८८ च्या ऑक्टोबरात अँड्रस म्हणाले, आता एकही डबा आत येणार नाही. आयडाहोतल्या ब्लॅकफूट गावी कचऱ्याचा रेल्वे डबा पोचला तर त्याच्यासमोर राज्याचा पोलीस उभा! तो फोटो न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून आला आणि डबा कोलोरॅडोला परत गेला.

ज्या केंद्र सरकारात स्वतः चार वर्षं मंत्री होते, त्याच सरकारची गाडी त्यांनी अडवली. वॉशिंग्टनच्या ओळखी वापरून काहीतरी जमवून घेणं किती सोपं होतं! आपल्या भागातले पाण्याचे आणि प्रकल्पांचे प्रश्न घेऊन दिल्लीत गेलेल्या आपल्या किती नेत्यांनी एवढा ताठपणा दाखवला, हे ज्याने त्याने आठवून पाहावं.

अँड्रस १९९५ च्या जानेवारीत पायउतार झाले. त्यानंतर आयडाहोत आजवर एकही डेमोक्रॅट गव्हर्नर निवडून आलेला नाही. पण त्यांच्या जागी आलेल्या रिपब्लिकन फिल बॅट यांनीही त्याच वर्षी, कचरा राज्याबाहेर नेण्याच्या मुदती केंद्राकडून करारात लिहून घेतल्या.