अबोलीशी अबोला

आमच्या सावंतवाडीच्या घरी तुळशीमागे अबोली आहे. ती कोणी लावली ते कुणालाच आठवत नाही. भांडी विसळलेलं पाणी आणि आईचा ओरडा एवढ्या खुराकावर ती भरभरून फुलते. त्याच भरवशावर मी पुण्यात तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत अबोलीची कुंडी आणली. नर्सरीवाला म्हणाला, "दोन-अडीच फुटांवर जात नाही, साहेब. आपल्या दक्षिणेकडचंच झाड. काही करावं लागत नाही."

'काही करावं लागत नाही' हे ऐकून मी जी कामाला सुरुवात केली, ती आजतागायत संपलेली नाही.

दिवसातून दोनदा पाणी घातलं. पानं पिवळी पडली. आईला फोन लावला, तर ती म्हणाली, "अरे, तेका इतक्यां पाणी कित्याक घालतस? झाड आसा ता, म्हस नाय!" मग पाणी तोडलं आणि कुंडी पश्चिमेच्या उन्हात ठेवली, तर ती दुपारी मान टाकायची. सावलीत नेली, तर नुसती पानं. शेवटी सकाळचं कोवळं ऊन कुठल्या कोपऱ्यात पडतं ते शोधत मी कुंडी कडेवर घेऊन घरभर हिंडलो. पोरांना एवढं कधी घेतलं नव्हतं, असं बायको म्हणाली. खोटं नाही.

एके दिवशी पानांच्या बेचक्यात पांढरं काहीतरी दिसलं. "कळ्या!" मी घर गोळा केलं. तो पिठ्या ढेकूण होता. साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन तो घासून काढला. जुना टूथब्रश कोणता, हे मात्र मी मनानेच ठरवलं. तो विषय इथेच थांबवतो.

अखेर चौकोनी हिरवं कणीस आलं आणि खालून वर एकेक केशरी फूल उमलू लागलं. एकूण तीन. शेजारच्या काकूंनी कठड्यावरून वाकून नाक लावलं. "वास नाही का हो याला?" अबोलीला वास नसतो, हे सांगताना मला उगाच ओशाळल्यासारखं झालं.

वाळलेली कणसं कापली की नवी येतात, असं आईने बजावलं होतं. मी बियांच्या लोभाने ठेवली. एका संध्याकाळी झारीचं पाणी त्यांच्यावर उडालं. पेपर उघडून बसतोय तोच तड! चष्म्यावर काहीतरी आपटलं. पाठोपाठ तड, तड! अबोलीचं वाळलं बोंड भिजलं की फुटतं आणि बिया लांब भिरकावतं. आई फोनवर हसत सुटली. लहानपणी म्हणे ती बोंडं थुंकी लावून वर्गात फोडायची.

माझ्या कुंडीत एकही बी रुजली नाही.

पुढच्या पावसाळ्यानंतर काकू गजरा माळून दारात आल्या. "तुमचीच हो! आमच्या कढीपत्त्याच्या कुंडीत आपोआप उगवली. काय बहरलीय!"

"पाणी किती घालता?"

"छे हो, आठवण कुठे राहते!"

सध्या माझा अबोला काकूंशी आहे.