पानशेत ते वायनाड: व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एका फॉरवर्डला उत्तर

पावसाळा आला की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. त्याचा सारांश असा: पानशेतचा पूर १९६१ ला आला, दुष्काळ १९७२ ला पडला, तेव्हा कुठे होता हवामानबदल? कुठल्याही एका घटनेचा संबंध त्याच्याशी लावताच येत नाही. हल्ली मात्र ऊठसूट कार्बनवर खापर फोडतात. पूर येतात ते नाले बुजवल्यामुळे.

‘पूर पूर्वीही यायचे.’ यायचेच. पण पानशेत यात कशाला? १२ जुलै १९६१ ला पुण्यात पाणी शिरलं ते धरण फुटून. बहात्तरचा दुष्काळ खरा, तो कोण नाकारतंय? बघायचं ते प्रमाण. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी १९५० ते २०१५ च्या नोंदी तपासल्या. मध्य भारतात मोसमी पाऊस एकूण घटत असताना मोठ्या टापूवर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना मात्र तिप्पट झालेल्या निघाल्या.

‘एका घटनेचा संबंध लावताच येत नाही.’ वीसेक वर्षांपूर्वीपर्यंत हे चालून गेलं असतं. २००३ च्या युरोपातल्या उष्णतेच्या लाटेवर २००४ मध्ये अभ्यास आला: तशा उन्हाळ्याची शक्यता माणसामुळे किमान दुप्पट झाली असावी. रीत समजायला अवघड नाही. संगणकावर एकदा आजचं हवामान चालवायचं आणि एकदा कोळसा-तेल जाळायला लागण्याआधीचं, सुमारे १.३ अंशांनी थंड. दोन्हीकडे तसा पाऊस कितीदा आणि किती पडतो ते मोजायचं, प्रत्यक्ष नोंदींशी ताळा करायचा. ३० जुलै २०२४ ला वायनाडमध्ये दरडी कोसळल्या, त्या पावसाचा हिशेब ‘वर्ल्ड वेदर अ‍ॅट्रिब्यूशन’ या शास्त्रज्ञांच्या गटाने असाच मांडला. तो पाऊस हवामानबदलामुळे सुमारे १० टक्क्यांनी वाढला होता. यात आश्चर्य नाही, तापमान एका अंशाने वाढलं की हवेत सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. उष्णतेचे आकडे तर याहून दणदणीत. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या मैदानात उष्माघाताने माणसं दगावली. त्या दिवसांतल्या दमट लाटेची शक्यता भारत-बांगलादेशात किमान ३० पट वाढलेली होती.

‘ऊठसूट कार्बन.’ मग चेन्नईचं काय? डिसेंबर २०१५ च्या तिथल्या महापुराचा असाच अभ्यास झाला आणि त्या पावसात हवामानबदलाचा ठसा सापडला नाही. तसं छापूनही आलं. उत्तर आधीच ठरलेलं असतं तर हा निष्कर्ष कुणी छापला असता का? मला तरी या शास्त्रावर भरवसा वाटतो तो अशा नकारांमुळेच.

राहिले नाले. पाऊस किती पडला आणि नुकसान किती झालं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वायनाडच्या त्याच अहवालात दगडखाणी आणि घटलेल्या जंगलाचाही उल्लेख आहे, म्हणजे शास्त्रज्ञांनी हे दडवलेलं नाही. मुंबईची जुनी पर्जन्यवाहिनी व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पाऊस धरून आखलेली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिलिमीटर पडला. गाळ जरूर उपसा, अतिक्रमणंही काढा. पण नवी वाहिनी ताशी किती मिलिमीटरची टाकायची, हे जुन्या पावसाच्या आकड्यांवर ठरवलं तर साफ केलेला नालाही तुंबेल.