‘टू-टू’ने 300 मीटरवरून डुक्कर? खुलासा

तुरीच्या हंगामात व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय: परवान्याची पॉइंट टू-टू रायफल असेल तर 300 मीटरवरून रानडुक्कर, रोही (नीलगाय) मारता येते, परवानगी लागत नाही. दोन्ही गोष्टी चूक आहेत.

मेसेजमधले आकडे .22-250 या काडतुसाचे आहेत. त्याची 55 ग्रेनची (साधारण साडेतीन ग्रॅमची) गोळी सेकंदाला सुमारे 1,100 मीटर वेगाने सुटते. 200 मीटरवर नेम बसवला तर 300 ला जेमतेम वीतभर खाली पडते. आपल्याकडची टू-टू म्हणजे .22 लाँग रायफल. गोळीचा व्यास जवळपास तोच, पण दारू चिमूटभर आणि वेग 330 ते 380. 50 मीटरवर नेम बसवलेली ही गोळी 300 ला तीन मीटरहून जास्त खाली जाते.

बरं, .22-250 मिळालं तरी काय? अमेरिकेत ते प्रेअरी डॉगसारख्या लहान प्राण्यांवर वापरतात. पातळ कवचाची ती गोळी लागताक्षणी फुटते. डुकराच्या खांद्यावरच्या जाड कातडीत वरवरच फुटली, की जखमी डुक्कर पऱ्हाटीत शिरणार आणि सकाळी निंदणाऱ्या बायांवर धावणार. शिवाय चुकलेली टू-टूची गोळीही दीड किलोमीटरपर्यंत घातक असते. पलीकडच्या धुऱ्यावर कोणी जागलीला असतंच.

कायद्याचं थोडक्यात: रानडुक्कर आणि रोही दोन्ही वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 2 मध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहेत. उभ्या पिकाच्या नुकसानीसाठीही कलम 11 खाली लेखी परवानगी लागतेच. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. अर्ज वनपरिक्षेत्र कार्यालयात करा.