शंका नव्हती, की बोलायची सोय नव्हती?

एक दावा वारंवार कानावर येतो: जुन्या काळी धर्म कडक होता, म्हणून माणसं मनापासून श्रद्धाळू होती, देवावर शंका घेणं हे आजचं खूळ. दाखला म्हणून सतराव्या शतकातलं प्रेस्बिटेरियन, म्हणजे कडक प्रोटेस्टंट पंथाचं, स्कॉटलंड दिलं जातं. स्कॉटिश मिशन म्हटलं की आपल्याला विल्सन कॉलेज आठवतं, जोतिबा फुले शिकले ती पुण्याची शाळा आठवते, त्यामुळे हे चित्र पटकन पटतंही. पण ते खरं नाही.

‘शंका घेणारं कोणी नव्हतंच.’ मग १६६१ साली ईश्वरनिंदेला देहान्त देणारा कायदा कोणासाठी केला? १६९५ मध्ये त्याला आणखी धार का लावली? आणि थॉमस एकनहेड कोण होता?

एडिंबरा विद्यापीठातला हा विद्यार्थी, वय वीस, आईबाप वारलेले. १६९६च्या डिसेंबरात त्याच्यावर खटला चालला. साक्षीदार कोण, तर त्याच्यासोबत बसणारे-उठणारे विद्यार्थीच. धर्मशास्त्र म्हणजे रचलेली बाष्कळ बडबड, जुना करार, म्हणजे बायबलचा पहिला भाग, ही त्यातल्याच एझ्रा नावाच्या ज्यू धर्मगुरूने रचलेल्या कहाण्या, असं तो बोलायचा, हे त्यांनी सांगितलं. एका साक्षीत तर ऑगस्टमधली एक रात्र आहे. थंडी वाजत होती, पोरं ट्रॉन चर्चवरून चालली होती, आणि एकनहेड म्हणाला की एझ्रा ज्याला नरक म्हणतो तिथं असतो तर ऊब तरी मिळाली असती. कुडकुडत चाललेल्या पोराचं हे वाक्य फाशीच्या खटल्यात पुरावा झालं. त्याने चूक कबूल केली, कोवळं वय पाहा म्हणून दयेचा अर्ज केला. ८ जानेवारी १६९७ रोजी त्याला फासावर चढवलं. मरणापूर्वी त्याने लिहून ठेवलं की सत्याची ओढ माणसाला जन्मतःच असते आणि पुरलेलं धन शोधावं तसं तो ते शोधतो. हे वाचलं की मला आजही गलबलून येतं.

‘फाशी सरकारने दिली, चर्चचा काय संबंध?’ एकदोन धर्मोपदेशकांनी त्याच्यासाठी रदबदली केल्याची नोंद आहे, ती नाकारायचं कारण नाही. पण चर्चची महासभा त्याच दिवसांत एडिंबऱ्यात भरली होती, आणि तिने राजाकडे अधर्माविरुद्धचे कायदे जोमाने राबवावेत अशी मागणी केली. फाशी तहकूब करायची तर चर्चने रदबदली करावी, असं प्रिव्ही कौन्सिलचं, म्हणजे राजाच्या स्कॉटलंडमधल्या कारभारी मंडळाचं, म्हणणं होतं. तो शब्द आला नाही.

‘मग अठराव्या शतकातल्या डेव्हिड ह्यूमला, त्या संशयवादी स्कॉटिश तत्त्वज्ञाला, कोणी का हात लावला नाही?’ तोवर काळ बराच निवळला होता, चर्चमधल्याच मवाळ मंडळींनी त्याला सांभाळून घेतलं, हे खरंच. तरीही १७४५ मध्ये एडिंबऱ्याचं आणि १७५२ मध्ये ग्लासगोचं प्राध्यापकपद त्याला मिळालं नाही. धर्माची चिकित्सा करणारे आपले संवाद त्याने हयातभर छापले नाहीत. १७७६ मध्ये तो गेला, तेव्हा अ‍ॅडम स्मिथसारख्या जिवलग मित्रालाही ते छापायची जबाबदारी नको होती. शेवटी १७७९ मध्ये पुतण्याने ते पुस्तक काढलं. त्यावर प्रकाशकाचं नाव नव्हतं.