ल माँ, रात्र आणि पहिला प्रवास : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

सप्रेम नमस्कार.

फ्रान्समधील ल माँच्या २४ तासांच्या मोटार शर्यतीसाठी पुण्याहून पहिला प्रवास कसा आखावा, या माझ्या लेखावर आपण वेळ काढून परखड प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल आपले मनःपूर्वक आभार. आपण पिंपरीच्या वाहन कारखान्यात आयुष्याची उमेदीची वर्षे काढलीत, २०११ साली ग्रेटर नोएडाला फॉर्म्युला वनची शर्यत प्रत्यक्ष पाहिलीत आणि आता आपले चिरंजीव आपल्याला ल माँला घेऊन जाऊ इच्छितात, हे वाचल्यावर दोन ओळींत उत्तर देणे मला योग्य वाटले नाही.

आपले आक्षेप मी असे समजलो आहे. गाडी समोरून जाते ती क्षणभर, त्यापेक्षा घरी दूरचित्रवाणीवर शर्यत अधिक चांगली कळते. एवढ्या खर्चात सहलीच्या कंपनीबरोबर पॅरिस, स्वित्झर्लंड आणि रोम पाहून होईल, तेव्हा एका लहानशा फ्रेंच गावात आठवडा घालवणे हा अपव्यय आहे. ‘रात्र ट्रॅकवरच काढावी’ हा सल्ला साठी उलटलेल्या वाचकांच्या बाबतीत बेजबाबदार आहे. आणि जायचेच असेल तर बहरीनची शर्यत जवळची, स्वस्त आणि सोपी आहे.

पहिल्या आक्षेपातील वस्तुस्थिती अगदी खरी आहे. शर्यत होते त्या सार्त सर्किटची लांबी १३.६२६ किलोमीटर आहे. सर्वांत वेगवान गट हायपरकारचा, आणि त्यातील गाडीला एका फेरीसाठी साधारण साडेतीन मिनिटे लागतात. आपण कुठेही उभे राहिलात, तरी एक ठरावीक गाडी त्या साडेतीन मिनिटांतून काही सेकंदच दिसणार. मात्र शर्यतीत तीन गटांच्या मिळून साठाच्या आसपास गाड्या धावत असतात आणि त्यांच्या वेगांत मोठी तफावत असते, त्यामुळे ट्रॅक रिकामा असा फारसा राहतच नाही. मागून येणारी हायपरकार दोन जीटी गाड्यांमधून (रस्त्यावरील स्पोर्ट्स गाड्यांवर बेतलेल्या, तुलनेने हळू गाड्यांमधून) वाट काढताना कोठे थांबते आणि कोठे धोका पत्करते, हे वळणाच्या बाजूला उभे राहून जितके स्पष्ट कळते तितके पडद्यावर कळत नाही, कारण कॅमेरा बहुतेक वेळा आघाडीच्या गाडीबरोबर जातो.

नोएडाचा अनुभव येथे लावणे मला पटत नाही. तेथील सर्किट पाच किलोमीटरांहून थोडे मोठे, शर्यत दीड-पावणेदोन तासांची, आणि प्रेक्षक तिकिटावरील आसनाला बांधलेला. ल माँला सर्वसाधारण प्रवेशाच्या तिकिटावर आपण चालत किंवा बसने एका वळणावरून दुसऱ्या वळणावर जाता, आणि तसे जाण्यासाठी हाताशी पूर्ण चोवीस तास असतात. पुणेकराला हे समजावून सांगण्याची खरे तर गरज नाही. अनंत चतुर्दशीची विसर्जन मिरवणूक चोवीस तासांच्या पुढे जाते, ती आरंभापासून अखेरपर्यंत कोणी एका जागी उभे राहून पाहत नाही, आणि थेट प्रक्षेपणात ती अधिक व्यवस्थित दिसते हे माहीत असूनही माणसे दुपारी बेलबाग चौकात आणि पहाटे अलका चौकात जातातच.

शर्यतीचा क्रम कळत राहावा यासाठी खिशात मावणारा लहान एफएम रेडिओ आणि कानात बसणारे इअरफोन जरूर न्यावेत. रेडिओ ल माँचे इंग्रजी समालोचन सर्किटच्या परिसरात ९१.२ एफएमवर ऐकू येते. तीन लाखांहून अधिक माणसे एकाच परिसरात असताना मोबाइलच्या नेटवर्कवर विसंबून राहू नये.

आता मूळ मुद्दा, म्हणजे रात्र. माझ्या लेखातील आखणीचा सारा भर रात्रीवर होता, आणि तो आजही मी सोडणार नाही. जूनच्या मध्यावर तेथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो आणि सकाळी सहाच्या सुमारास उगवतो. अंधार थोडाच वेळ असतो, पण सहनशक्तीची शर्यत म्हणजे काय हे त्या वेळातच उमगते. हवा थंड होते, ट्रॅकचे तापमान उतरते. टायर आधीच गरम करून लावण्याची मुभा आता नाही, त्यामुळे पिटमधून, म्हणजे इंधन व टायरसाठी थांबण्याच्या जागेतून, बाहेर पडलेला चालक गार टायरवर पहिल्या वळणांतून गाडी अक्षरशः सांभाळून नेतो. लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी म्युल्सानच्या वळणावर, आणि पुढे आर्नाजच्या वळणावर, ब्रेकच्या तबकड्या लाल झालेल्या दिसतात. संध्याकाळी चकचकीत असलेली गाडी पहाटे रबराच्या आणि किड्यांच्या थरांनी माखलेली असते, कोठे पत्रा चिकटपट्टीने धरून ठेवलेला असतो, आणि इंजिनाचा आवाज मात्र तोच, त्याच सुरात. ज्या माणसाने यंत्राच्या टिकाऊपणासाठी कारखान्यात वर्षानुवर्षे चाचण्या केल्या, त्याला यातून काय मिळेल हे मी आपल्याला सांगणे म्हणजे लहान तोंडी मोठा घास घेणे होईल.

२०२४ची शर्यत आठवा. पावसामुळे रात्री चार तासांहून अधिक काळ गाड्या सेफ्टी कारच्या, म्हणजे धोक्याच्या वेळी वेग आवरणाऱ्या आयोजकांच्या गाडीच्या, मागे हळू चालत होत्या, त्यामुळे विजेत्या फेरारीच्या केवळ ३११ फेऱ्या झाल्या, आणि तरीही चोवीस तासांनंतर दुसऱ्या क्रमांकावरील टोयोटा तिच्या मागे अवघ्या १४ सेकंदांवर होती. पुढच्याच वर्षी कोरड्या हवामानात विजेत्याने ३८७ फेऱ्या, म्हणजे ५,२०० किलोमीटरांहून अधिक अंतर कापले. एका चालकाला एकूण चौदा तासांपेक्षा अधिक आणि कोणत्याही सहा तासांत चार तासांपेक्षा अधिक गाडी चालवता येत नाही, म्हणून एका गाडीच्या तिन्ही चालकांनी मिळून रात्र वाटून घ्यायची असते. कोणाला केव्हा झोपवायचे आणि केव्हा उठवायचे, हाही डावपेचांचा भाग असतो.

वयाच्या मुद्द्यावर आपली काळजी रास्त आहे, आणि त्यावर उपायही आहे. शनिवारची संपूर्ण रात्र उभ्याने काढणे हा एकच मार्ग नाही. बुधवारी आणि गुरुवारी रात्री मध्यरात्रीपर्यंत सराव चालतो. त्याच गाड्या, तोच अंधार आणि गर्दी शनिवारच्या तुलनेत पुष्कळ कमी. आपण ही सरावाची रात्र नीट पाहावी, शनिवारी दुपारी चार वाजता सुरुवात ग्रँडस्टँडच्या आसनावरून पाहावी, जेवणानंतर खोलीवर जाऊन झोपावे आणि पहाटे उजाडण्यापूर्वी परत यावे. तंबूत राहणे आपल्याला सोसणारे नसेल तर ल माँ शहरातच ट्रामच्या मार्गालगत एखाद्या घरातील खोली भाड्याने घ्यावी. रेल्वे स्थानकाहून सर्किटपर्यंत ट्राम जाते, मात्र शर्यतीच्या रात्रीचे तिचे वेळापत्रक आधी पाहून ठेवावे. चिरंजीवांनी मात्र तंबूतच राहावे, असे मी आग्रहाने सांगेन. दुपारी उकाडा आणि पहाटे चांगलीच थंडी असते, म्हणून स्वेटर, पावसाचा कोट, चिखलात चालतील असे बूट आणि कानात घालायचे बोळे दोघांनीही न्यावेत. कॅडिलॅकचे साडेपाच लिटरचे व्ही-८ इंजिन जवळून जाते तेव्हा बोळ्यांची किंमत कळते.

पॅरिस-स्वित्झर्लंड-रोम या सहलीला माझा विरोध नाही, पण ती वेगळी सहल आहे. सहलीच्या वेळापत्रकात शनिवार-रविवार एवढेच ल माँला मिळतात, आणि शर्यतीचा आठवडा तर त्याआधीच सुरू झालेला असतो. आदल्या शुक्रवारी आणि शनिवारी शहराच्या मध्यवर्ती रिपब्लिक चौकात गाड्यांची तांत्रिक तपासणी सर्वांसमक्ष होते. रविवारी चाचणीच्या फेऱ्या असतात. बुधवारी सराव आणि पात्रता फेरी, गुरुवारी आघाडीच्या जागांसाठीची हायपरपोल. शुक्रवारी ट्रॅक शांत असतो आणि संध्याकाळी चालकांची मिरवणूक गावातून निघते. ज्याला सर्वच दिवस देणे शक्य नाही त्याने बुधवारी दुपारपर्यंत पोहोचावे, हा माझा किमान आग्रह आहे. सर्किटच्या प्रवेशद्वाराजवळ शर्यतीचे संग्रहालय आहे, आणि जुन्या शहरात रोमन काळातील तटबंदी व सेंट ज्युलियनचे कॅथेड्रल आहे. शर्यतीत रस नसलेल्या सोबत्याचा दिवसही तेथे चांगला जातो.

आणखी एक गोष्ट सहलीच्या बसमधून हाती लागत नाही. या सर्किटचा मोठा भाग एरवी सार्वजनिक रस्ता असतो. शर्यतीनंतर एखादा दिवस हाताशी ठेवला तर उनोदिएरच्या त्या सुमारे सहा किलोमीटरच्या सरळ पट्ट्यावरून आपण भाड्याच्या मोटारीने, मालट्रकच्या मागून, कायद्याच्या वेगमर्यादेत जाऊ शकता. १९८८ साली याच पट्ट्यावर डब्ल्यूएम-पूजो गाडीने ताशी ४०५ किलोमीटरचा वेग गाठला होता आणि १९९० पासून वेग आवरण्यासाठी तेथे दोन शिकेन, म्हणजे मुद्दाम घातलेली नागमोडी वळणे, करण्यात आले. रस्त्याची रुंदी, दुतर्फा झाडे आणि किंचित चढउतार प्रत्यक्ष पाहिल्यावर ४०५ हा आकडा वेगळाच वाटू लागतो.

बहरीनबद्दल आपण लिहिलेत ते मला बरेचसे मान्य आहे. अलीकडच्या वर्षांत जागतिक सहनशक्ती अजिंक्यपद स्पर्धेची अखेरची आठ तासांची फेरी तेथे नोव्हेंबरमध्ये होते, ल माँला धावणाऱ्या हायपरकार आणि जीटी गाड्या तेथेही असतात, विमानप्रवास लहान आहे आणि व्हिसाही तुलनेने सोपा. ज्यांना दोन-तीन दिवसांपेक्षा अधिक रजा नाही त्यांनी अवश्य तेथे जावे. दुबईलाही जानेवारीत चोवीस तासांची शर्यत असते, पण तिच्यात हायपरकार नसतात. तथापि आपल्या चिरंजीवांची इच्छा ल माँची आहे, आणि १९२३ पासून चालत आलेल्या शर्यतीची जागा बहरीनच्या वाळवंटातील सर्किटने भरून निघेल असे मी प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही.

खर्चाविषयी आपण लिहिलेत की मी तो हलका करून दाखवला. हा प्रवास स्वस्त नाही हे येथे स्पष्ट लिहितो. सर्वांत मोठा भाग विमानभाड्याचा आणि त्याखालोखाल मुक्कामाचा. प्रवेश, ग्रँडस्टँडचे आसन आणि तंबूची जागा ही तीन वेगळी तिकिटे असतात, हे न कळल्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याचे अंदाजपत्रक चुकते. विक्री आदल्या वर्षीच्या साधारण दिवाळीच्या सुमारास सुरू होते आणि अलीकडच्या वर्षांत तिकिटे शर्यतीच्या कित्येक महिने आधी संपली आहेत. तिकिटे फक्त आयोजक ऑटोमोबाइल क्लबच्या अधिकृत विक्रीतून किंवा त्यांच्याच अधिकृत फेरविक्रीतून घ्यावीत, समाजमाध्यमांवरील अनोळखी विक्रेत्याकडून कदापि घेऊ नयेत.

फ्रान्ससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे जूनच्या मध्यासाठी डिसेंबरच्या मध्यापासून. तिकीट अर्थातच त्याआधी घ्यावे लागते आणि हा धोका प्रत्येकाला पत्करावाच लागतो. अर्जाचे शुल्क प्रौढांसाठी ९० युरो असून किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक आहे. प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा जोडावा लागतो, म्हणून तंबूच्या जागेची नावासह पावती आणि पॅरिसमधील पहिल्या व शेवटच्या रात्रीचे हॉटेलचे आरक्षण एकत्र ठेवावे. उन्हाळी सुट्ट्यांच्या मोसमात अर्जाच्या वेळा भराभर भरतात, त्यामुळे एप्रिलपर्यंत वाट पाहू नये.

पुण्याहून निघणाऱ्यांसाठी दोन गोष्टी मला विशेष महत्त्वाच्या वाटतात. शर्यत ऐन आपल्या शाळा सुरू होण्याच्या दिवसांत येते, तेव्हा नातवंडांना नेण्याचा विचार असेल तर तो आधीच घरात बोलून घ्यावा. आणि विमान मुंबईहून असेल तर पाऊस नुकताच सुरू झालेला असतो, घाटात दरड किंवा अपघात झाला की द्रुतगती मार्गावर तासन्‌तास जातात, म्हणून भरपूर वेळ हाताशी ठेवून निघावे. पॅरिसच्या माँपार्नास स्थानकाहून टीजीव्ही या वेगवान रेल्वेने ल माँ जेमतेम तासाभरावर आहे, शार्ल द गोल विमानतळावरूनही थेट गाड्या आहेत. त्यांचे आरक्षण मात्र शर्यतीच्या शुक्रवार-शनिवारसाठी लवकर करावे. शाकाहारी माणसाचे शहरातील पाव, चीज आणि फळांवर निभावते, सोबत चिवडा, भाकरवडी, खाकरे नेता येतात. दूध-माव्याची मिठाई आणि हापूस मात्र नेऊ नयेत, कारण युरोपीय संघात प्रवाशाच्या सामानातून दुग्धजन्य पदार्थ नेण्यास मनाई आहे आणि आंब्याला वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते.

ग्रँडस्टँडचे कोणते आसन घ्यावे असे आपण शेवटी विचारले आहे. आपल्यासाठी मी पिटच्या समोरील आसन सुचवेन. तेथून इंधन भरणे, टायर बदलणे आणि चालकाची अदलाबदल बसल्या जागी दिसते, आणि यंत्रज्ञांच्या हातांचा वेग पाहताना आपल्याला गाड्या क्षणभरच दिसण्याची खंत वाटणार नाही. चिरंजीवांना गुरुवारी संध्याकाळी आपल्यासह आर्नाजच्या वळणावर जाण्याची बस आधीच विचारून ठेवण्यास सांगावे, आणि आसनाचा निर्णय दिवाळीपूर्वी घ्यावा, कारण पिटसमोरच्या जागा आधी जातात.

आपला,
लेखक